एकलव्याचा कान

आमच्या विभागाच्या सूचनाफलकाचा एक कोपरा गेली काही वर्षे माझ्या ताब्यात आहे. दर सोमवारी तेथे 'वाचावे, ऐकावे, पाहावे' असा एक कागद लागतो: एक पुस्तक, एक ध्वनिमुद्रिका, एक चित्रपट. मागे एकदा 'ऐकावे'खाली मी अब्दुल करीम खाँ यांची भैरवीतली ठुमरी लिहिली. तीन दिवसांनी एम. ए.च्या पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी आला. "मॅडम, ती मध्येच संपते. पूर्ण कुठे मिळेल?"

ती पूर्णच आहे. ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत आणि गवयाला तेवढ्यातच आपले सारे मांडावे लागे. हे मी त्याला सांगितले खरे, पण सांगता सांगता मनातून चरकले. ती मुद्रिका मी स्वतः कित्येक वर्षांत ऐकलेली नव्हती. मी गाणे सुचवले नव्हते, नाव सुचवले होते.

या ओशाळलेपणातूनच केशवराव भोळे यांच्याकडे पुन्हा वळले.

काय वाचावे हे सांगण्याची मराठीतली परंपरा जुनी आहे. १८७४ साली सुरू झालेल्या 'निबंधमाले'त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'वाचन' या विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला. ४ जानेवारी १८८१ रोजी 'केसरी' निघाला, तेव्हा नव्या ग्रंथांवरील टीका हे त्याच्या जाहीर केलेल्या कामांपैकी एक होते. राजकारणाच्या साप्ताहिकाला हे काम आपले वाटावे, याचे आज नवल वाटते. परंतु ग्रंथाची शिफारस करणाऱ्याला एक सोय असते. ग्रंथ वाचकाच्या हाती येऊ शकतो, मत पटले नाही तर पान उघडून पडताळता येते. गाण्याचे तसे नव्हते. मैफल उठली की गाणे संपले, मागे उरत त्या आख्यायिका. अमक्या बुवांनी एक राग किती तास गायला, तमक्या खाँसाहेबांनी कोणाला कसे गप्प केले, अशा गोष्टींवर गवयाची कीर्ती चाले. या गोष्टींत सारे काही असे, फक्त त्याचा आवाज कसा होता हे नसे.

तबकडीने आणि रेडिओने ही स्थिती पालटली. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. परवान्याचे वर्षाला दहा रुपये पडत, शिवाय यंत्राची किंमत वेगळी. श्रोते थोडे, म्हणून उत्पन्न थोडे. १९३०मध्ये कंपनी बुडाली आणि प्रक्षेपण सरकारने हाती घेतले. व्यवसाय म्हणून प्रयोग फसला. तरी त्याने एक नवा श्रोता घडवला. हा श्रोता घरात बसून ऐकत होता, गवयाचा चेहरा त्याला दिसत नव्हता, शेजारी मान डोलावणारे कोणी नव्हते. दाद द्यायची की नाही हे त्याचे त्यालाच ठरवायचे होते.

या श्रोत्यासाठी भोळ्यांनी 'वसुंधरा' साप्ताहिकात 'एकलव्य' या नावाने गायकांवर लिहिले. 'शुद्धसारंग' या दुसऱ्या नावाने त्यांनी रेडिओवरील गाण्याचीही समीक्षा केली. पहिले टोपणनाव मला फार अर्थपूर्ण वाटते. समोर गुरू नाही, त्याची प्रतिमा आहे, आणि शिकायचे ते तिच्याकडूनच. तबकडी लावून बसलेल्या माणसाची अवस्था याहून वेगळी कोठे होती? भोळ्यांच्या मनात हेच होते असा माझा दावा नाही. पण नाव चपखल बसले आहे.

टोपणनावाने शिफारस करणे कितपत योग्य, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. त्यातून भोळे स्वतः गायक आणि संगीतदिग्दर्शक. १ जुलै १९३३ रोजी रंगभूमीवर आलेल्या 'आंधळ्यांची शाळा'चे संगीत त्यांचे होते. ज्यांच्याविषयी लिहायचे ते सारे समव्यावसायिक. मला यात लबाडी दिसत नाही. नाव खोटे असले तरी कान एकच होता. वाचकाला लेखकाचा पत्ता ठाऊक नसे, पण त्याच्या आवडीनिवडी ओळखीच्या होत आणि मग त्या तो आपल्या कानाशी ताडून पाहू शकत असे. उलट, खऱ्या नावाने सही करूनही न ऐकलेली मुद्रिका सुचवता येते, हे मी सूचनाफलकावर सिद्ध केलेच होते.

या सदराचा पुढचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. १९३३मध्ये 'आजचे प्रसिद्ध गायक' हे पुस्तक आले, १९४९मध्ये 'संगीताचे मानकरी'. पहिल्या शीर्षकात 'आज' आहे, दुसऱ्यात तो गळाला आहे. साप्ताहिकासाठी लिहिणाऱ्याला आजचेच पाहावे लागते; पण सोळा वर्षांत किती 'आज' सरले! खाँसाहेब १९३७ सालीच गेले होते. कोणाला मानकरी म्हणायचे हे ठरायला एवढा काळ लागतो, आणि ते ठरवायला कोणीतरी आधी आठवड्याच्या आठवड्याला ऐकत बसावे लागते.

गोविंद तळवलकरांचे 'वाचता वाचता'चे दोन खंड मी याच ओळीत ठेवते. अग्रलेखांच्या धबडग्यातून सवड काढून संपादकाने स्वतः वाचलेले तेथे आहे. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.

आता माझ्या कागदावर प्रत्येक शिफारशीपुढे ती मी शेवटची कधी वाचली, ऐकली वा पाहिली याची तारीख असते. कागद त्यामुळे पुष्कळदा रिकामा राहतो. गेल्या सोमवारी एकच नोंद होती, 'पाहावे'खाली: 'संत तुकाराम', प्रभात, १९३६, संगीत केशवराव भोळे. खाली बारीक अक्षरांत एक प्रश्न लिहिला: यातला एक अभंग तुकोबांचा नाही, शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलेला आहे. तो कोणता, हे गाथा न उघडता, नुसते ऐकून सांगता येईल का?

बुधवारपर्यंत चार उत्तरे आली, त्यांतली तीन चुकीची. चौथे त्या ठुमरीवाल्याचे होते. ते बरोबर आहे, पण आपण गाथा उघडून पाहिली, असे त्याने खाली प्रामाणिकपणे लिहिले होते.