झिजलेल्या नाण्यांची साक्ष

जुनी नाणी जमविण्याचा छंद आपल्या भागास नवा नाही. अनेक घरी देव्हाऱ्यातील डबीत एखादी शिवराई, राणीछाप रुपया किंवा १९४३ ते १९४७ या काळातील भोकाचा पैसा आजही सापडतो. संग्राहकाची नजर साहजिकच स्वच्छ, ठसठशीत नाण्याकडे जाते. झिजलेले, वेडेवाकडे, अक्षरे अर्धवट उमटलेले नाणे बाजूस पडते. परंतु इतिहासाला अशाच नाण्यांनी मोठी मदत केली आहे आणि त्याचे उदाहरण जऊळक्याच्या वाशीम जिल्ह्यातच आहे.

मंगरूळपीर तालुक्यातील तऱ्हाळा हे गाव तेव्हा अकोला जिल्ह्यात मोडत असे. तेथे इ. स. १९३९ मध्ये सातवाहन राजांच्या हजाराहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नाणी सोन्यारुप्याची नव्हती. तांबे मिसळलेल्या हलक्या धातूची होती. एका बाजूस हत्ती व राजाचे नाव, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह. बहुतेक नाण्यांवर नावाचा काही भागच उमटलेला होता. नागपूरचे विद्वान महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा नाण्यांचे वाचन जुळणीने करावे लागते. एकावर नावाचा आरंभ, दुसऱ्यावर मध्य, तिसऱ्यावर शेवट, असे तुकडे जोडले की नाव हाती येते. या साठ्यातून कुंभ, कर्ण व शक सातकर्णी ही पुराणांच्या राजावळीत नसलेली नावे उजेडात आली. कोणी चांगली नाणी निवडून उरलेली मोडीत घातली असती, तर ही नावे कदाचित कायमची बुडाली असती.

नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभीचा साठाही असाच बोलका आहे. १९०६ मध्ये तेथे क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. दोन छापांमुळे नाणे विद्रूप झाले, परंतु पराभूत व विजयी राजा एकाच नाण्यावर दिसले.

झीजही वाचता येते. हातोहात फिरलेल्या नाण्याचे उंच भाग आधी सपाट होतात. कडी लावलेले वा भोक पाडलेले नाणे दागिन्यात वापरल्याचे सांगते. चांदीच्या नाण्यावरील बारीक खुणा पुष्कळदा सराफाने केलेल्या पारखीच्या असतात. हे सारे चिंच, राख किंवा लिंबू लावून घासले की पुसून जाते.

म्हणून जीर्णोद्धाराच्या, विहिरीच्या वा घराच्या खोदकामात नाणी निघाल्यास ती घासू नयेत, वाटून घेऊ नयेत, वितळवू नयेत. भांड्यासह सर्व नाणी एकत्र ठेवावीत व जागेची नोंद करावी. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीच्या निधीची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यांस देणे बंधनकारक आहे. ज्यांना छंद आहे त्यांनी घरातील वडीलधाऱ्यांकडून आलेली नाणी जपावीत, आणि कोणते नाणे कोणाकडून आले हे कागदावर लिहून ठेवावे. झिजलेल्या नाण्यास कागदाची ही जोड मिळाली, तर पुढील पिढीस गावाचा इतिहास लिहिताना ते उपयोगी पडेल.