पाच नावे आणि एक चौक

निष्ठा, खरेपणा आणि स्वीकार. हे तीन शब्द आपण सहज एका दमात उच्चारतो. पण जगताना मात्र त्यांची भांडणे लागतात. "आमच्याशी एकनिष्ठ राहायचे असेल तर आमच्यासारखा हो" असे घर म्हणते, जात म्हणते, कधी कधी प्रेमाचे माणूसही म्हणते. मग स्वतःशी खरे राहायचे तरी कसे?

हा प्रश्न मनात आला की मला आमच्या नंदुरबारचा माणिक चौक आठवतो.

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत 'चले जाव'चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजी आणि इतर पुढारी पकडले गेले. त्याला महिना झाला त्या दिवशी, ९ सप्टेंबरला, नंदुरबारात मिरवणूक निघाली. त्यात झेंडा घेतलेला शिरीषकुमार मेहता होता. जन्म २८ डिसेंबर १९२६ चा, म्हणजे सोळावे पूर्ण व्हायलाही साडेतीन महिने बाकी! पोलिसांनी मिरवणुकीतल्या मुलींवर बंदूक रोखली, तेव्हा "मारायचे तर मला मारा" म्हणत तो पुढे झाला, असे गावात आजही सांगतात. त्या दिवशी पाच जण गेले. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. शिरीषची मातृभाषा गुजराती. त्या मिरवणुकीतली त्याची गाजलेली घोषणाही गुजरातीच. देशावर प्रेम करायला त्याने घरची बोली उंबऱ्याबाहेर काढून ठेवली नाही. उलट, जी भाषा आईच्या तोंडून ऐकली तीच घेऊन तो बंदुकीसमोर उभा राहिला. निष्ठा आणि खरेपणा इथे भांडले नाहीत.

राहिला स्वीकार. तो गावाने करायचा होता. १ मे १९६० ला भाषेवरून दोन राज्ये झाली. तेव्हाच्या पश्चिम खानदेशातली काही गावे, अगदी नंदुरबार तालुक्यातलीसुद्धा, गुजरातेत गेली. नंदुरबार महाराष्ट्रात राहिले. नकाशावर रेघ ओढली गेली, पण माणिक चौकातल्या स्मारकाची वाटणी कुणी मागितली नाही. केतकर आणि मेहता शेजारी शेजारीच राहिले. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा होऊन आमचा जिल्हा झाला, तेव्हाही ही पाच नावे साऱ्या जिल्ह्याचीच होती.

मी शिकवत असताना वर्गात पुस्तक मराठी असे. पण पोरे घरी अहिराणी, भिली, गुजराती बोलत. शिरीषचा धडा सगळ्यांना सारखाच आपला वाटे. त्याची भाषा कोणती, असे कुणी विचारलेच नाही.

घरातही असेच असावे ना? सुरतेकडून आलेल्या सुनेने आपली भाषा, आपल्या हातची चव विसरली तरच ती आपली, असे म्हणणारे घर तिला स्वीकारत नाही, नुसते वाकवते. आणि वाकवलेले माणूस आज्ञेत राहते, निष्ठेत नाही. निष्ठा मागून मिळत नसते. माणसाला तो आहे तसा जागा दिली, की ती आपोआप येते.

नवरा-बायको असोत, बाप-लेक असोत की गाव आणि गावात बाहेरून आलेला माणूस, मला तरी हे सगळीकडे लागू वाटते. तुम्हाला काय वाटते?