कृत्रिम श्वासाचें माप

जबर जखमी झालेल्या वा भाजलेल्या मनुष्याचा श्वास खुंटूं लागला, कीं त्याच्या छातींत हवा भरावी, हा विचार सहज सुचणारा आहे. परंतु ती किती भरावी, हें कळण्यास वैद्यकशास्त्रास जवळजवळ अर्धें शतक लागलें.

२८ नोव्हेंबर १९४२ रोजीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं ‘कोकोनट ग्रोव्ह’ ह्या विलासगृहास आग लागून ४९२ माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यांतील कित्येकांचा घात ज्वाळेनें नव्हे, तर धुरानें झाला. भाजलेल्या रोग्याच्या त्वचेइतकीच त्याच्या फुप्फुसांची चिंता वाहावी लागते, हें त्या रात्रीनें शिकविलें.

श्वास चालविण्याचा उपाय मात्र निराळ्याच संकटांतून निघाला. १९५२ सालीं कोपनहेगन येथें पोलिओची साथ आली व लोखंडी पेटीसारखीं श्वसनयंत्रें अपुरीं पडलीं. तेव्हां ब्यॉर्न इब्सेन ह्या भूलतज्ज्ञाच्या सल्ल्यानें रोग्याच्या कंठास छिद्र पाडून नळी बसविण्यांत आली, आणि रबरी पिशवी हातानें दाबून हवा भरण्यांत आली. सुमारें दीड हजार विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें हें काम रात्रंदिवस केलें. पुढें तें यंत्रांनीं उचललें.

पोलिओच्या त्या रोग्यांचे स्नायु लुळे पडले होते. जखमींचीं फुप्फुसेंच बिघडलेलीं असतात. १९६७ सालीं डेन्व्हर येथील अ‍ॅशबॉ, पेटी प्रभृतींनीं फुप्फुसें बिघडलेल्या बारा रोग्यांचा वृत्तांत ‘लॅन्सेट’मध्यें दिला. त्यांतील सात दगावले. फुप्फुसें पाण्यानें भरून ताठर होत. उच्छ्वासाच्या अखेरीसही थोडा दाब राखल्यास तीं मिटत नाहींत, असें तेथें आढळलें.

तरीही रक्तांतील प्राणवायूचे आंकडे सुधारावे म्हणून मोठमोठे श्वास देण्याची वहिवाट चालूच राहिली. रोगट फुप्फुसाचा मोकळा भाग कधीं कधीं बालकाच्या फुप्फुसाएवढाच उरतो. त्यांत प्रौढाच्या मापाची हवा कोंबल्यास तें फाटूं लागतें. अखेर २००० सालीं अमेरिकेंत ८६१ रोग्यांवर तुलना झाली. उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोग्रॅममागें १२ मिलिलिटर हवा दिलेल्यांपैकीं शेंकडा ३९.८ मरण पावले. ६ मिलिलिटर दिलेल्यांपैकीं शेंकडा ३१. विशेष हें, कीं आरंभीं रक्तांतील प्राणवायु मोठा श्वास मिळालेल्यांचाच अधिक चांगला होता. म्हणजे आंकडे सुधारत होते व माणसें मरत होतीं.

भाजलेल्यांच्या बाबतींत हेंही माप पुरेसें नाहीं. छातीवरील करपलेली कातडी पट्ट्यासारखी आवळते. ती चिरून सैल करावी लागते, श्वासनलिकेंतील काजळी काढावी लागते. केवळ हवेचा जोर वाढविण्यानें तेथें अपायच होतो. यंत्र बलवान् झालें, तेव्हांच त्याला आंवर घालण्याची विद्या शिकावी लागली. आणि त्या आंवरानेंच पुढें पुष्कळांचे प्राण राखले.