टँजरीन ड्रीम : संस्थापक गेले, मग बँड कोणाचा?

'स्ट्रेंजर थिंग्ज'ची सुरुवातीची धून आठवतेय? सिंथेसायझरचे तेच ते सूर गोल गोल फिरत राहतात आणि अंगावर काटा येतो. 2016 मध्ये आलेली ही धून टेक्सासच्या काइल डिक्सन आणि मायकेल स्टाइन यांची. पण अशा आवाजाचं मूळ शोधत गेलं की आपण 1970 च्या दशकातल्या पश्चिम बर्लिनला पोचतो.

या शैलीला 'बर्लिन स्कूल' म्हणतात. शाळा वगैरे काही नव्हती, आपल्याकडच्या घराण्यासारखं समजा. एडगर फ्रोजे यांनी 1967 मध्ये सुरू केलेला 'टँजरीन ड्रीम' हा बँड आणि सुरुवातीला त्याच बँडमध्ये ड्रम्स वाजवणारे क्लाउस शुल्झे, ही त्यातली मोठी नावं.

यातलं मुख्य यंत्र म्हणजे सिक्वेन्सर. मोजक्या सुरांची एक ओळ ते न थकता वाजवत राहतं. तबला सोलोमागे हार्मोनियमवर लेहरा फिरतो ना, साधारण तसंच. वादक त्या ओळीचा रंग हळूहळू बदलत नेतो, त्यामुळे एकेक रचना पंधरा-वीस मिनिटं चालते. तेव्हाचे मोग सिंथेसायझर तापले की सूर सरकायचा. 1974 च्या 'फेड्रा' अल्बमच्या शीर्षक रचनेत ही घसरण चक्क ऐकू येते. चूक होती, पण तशीच ठेवली, आणि अल्बम ब्रिटनच्या पहिल्या वीसांत गेला!

जानेवारी 2015 मध्ये फ्रोजे गेले आणि खरा पेच पडला. त्यांचा मुलगा जेरोम स्वतः अनेक वर्षं या बँडमध्ये होता. वडील गेले, बँडही संपला, असं त्याने जाहीरपणे सांगितलं. फ्रोजे यांच्या पत्नी बियांका मात्र बँड चालू ठेवण्याच्या बाजूने उभ्या राहिल्या.

सूत्रं आली थॉर्स्टन क्वेश्निंग यांच्याकडे. बँड सुरू झाला त्यानंतर दहा वर्षांनी जन्मलेला हा माणूस 2005 पासून फ्रोजे यांच्यासोबत वाजवत होता. आज त्यांच्या जोडीला व्हायोलिनवर होशिको यामाने आणि 2020 मध्ये आलेले पॉल फ्रिक आहेत. बँड सुरू झाला त्या काळातला यांत कोणीच नाही. 2017 चा 'क्वांटम गेट' आणि 2022 चा 'राउम' हे अल्बम करताना त्यांनी फ्रोजे यांनी मागे ठेवलेलं अपुरं काम हाताशी घेतलं. जेरोमचा आक्षेप त्यामुळे पुसला जात नाही, पण नुसतं नाव वापरल्याचा आरोपही टिकत नाही.

मैफलीत जुन्या रचना होतातच. शेवटी मात्र तिघं आधी न ठरवलेलं संगीत तिथल्या तिथे उभं करतात. त्याला ते 'सेशन' म्हणतात.