तबकडीवरचं नाव

लोकप्रिय संगीतावर सर्वांत खोल ठसा उमटवणाऱ्या गायिका कोण, असं कंधारच्या एखाद्या हॉटेलात चहा पिता पिता विचारा. उत्तराला वेळ लागणार नाही. लता आणि आशा. कुणी जुना रसिक बसलेला असेल तर नूरजहाँ, शमशाद बेगम आणि सुरैया ही नावं येतील. उत्तर चूक नाही, पण ते मधूनच सुरू होतं. या गायिकांच्या आधी कुणीतरी वाट पाडली होती. ती वाट पाडणाऱ्यांत मुस्लिम घरांतल्या, कलावंतिणींच्या घरांतल्या बायका मोठ्या संख्येनं होत्या. त्यांची नावं कुठं गेली, हा इतिहासाचा प्रश्न आहे, आणि आपल्यासाठी तो घरचाही प्रश्न आहे.

कंधारपासूनच सुरुवात करू. राष्ट्रकूटांच्या आठवणी सांगणारा किल्ला आणि हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा ही या गावाची ओळख. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. आजही इथं घरात दखनी आणि बाजारात मराठी चालते. या दखनी भाषेत सूफींनी लिहिलेला एक गीतप्रकार आहे, चक्कीनामा. जातं ओढताना बायकांनी म्हणावा म्हणून रचलेला. शेजारच्या घरात जात्यावर ओवी चालायची, आपल्या घरात चक्कीनामा. दाण्यासोबत दोन्हीकडे गाणं दळलं जायचं. म्हणजे बाईचं गाणं ही काही रेडिओनं किंवा सिनेमानं आणलेली बाहेरची गोष्ट नाही. फक्त गाणारीचं नाव कुणी लिहून ठेवत नव्हतं. रचणाऱ्या सूफीचं नाव राहिलं, गाणारी विरून गेली.

गाणारीचं नाव पहिल्यांदा पक्कं कोरलं गेलं ते लाखेच्या तबकडीवर. नोव्हेंबर 1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कोलकात्यात आले आणि त्यांनी गौहर जानचा आवाज मुद्रित केला. गौहरचा जन्म 1873 चा, आझमगढचा. बाळपणीचं नाव अँजेलिना योवर्ड. आई व्हिक्टोरिया हिनं पुढं इस्लाम स्वीकारला, ती मलका जान झाली आणि मुलगी गौहर जान. तासभर चालणारी बैठक तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत कशी बसवायची, हे या बाईनं देशाला शिकवलं. आज आपण ज्याला ‘गाणं’ म्हणतो, त्याची लांबी तिथं ठरली. गाणं संपताच ती इंग्रजीत म्हणायची, ‘माय नेम इज गौहर जान.’ कारण व्यवहाराचं होतं. मुद्रणाचे साचे जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात आणि तिथल्या कामगारांना लेबलावर कुणाचं नाव छापायचं ते कळायला हवं. पण परिणाम व्यवहारापुरता राहिला नाही. हिंदुस्थानातली एक गाणारी बाई स्वतःचं नाव स्वतः सांगत होती, आणि ते हजारो घरांत ऐकू जात होतं.

महाराष्ट्रात याच काळात दुसरी एक गोष्ट घडत होती. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले होते. त्यांचा आणि ताराबाई माने यांचा संसार मोडला आणि ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावं बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले. चंपाकली हिराबाई बडोदेकर झाल्या. सकीना सरस्वतीबाई राणे झाल्या. यामागं घरातली फाटाफूट होती आणि एका आईचा निर्णय होता. त्या निर्णयावर आज न्यायनिवाडा करायचं कारण नाही. पण त्या काळच्या मराठी समाजात कोणत्या नावाला कोणतं दार उघडत होतं, हे यातून कळतं.

हिराबाईंनी उघडलेलं दार मात्र सगळ्यांच्या कामी आलं. त्याआधी बाईचं गाणं म्हणजे खासगी बैठक, दौलतजादा आणि ऐकणारे पुरुष. हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर जलसे केले. समोर सभ्यपणे बसलेले श्रोते, त्यांत घरच्या बायकाही, आणि मंचावर हावभाव न करता शांतपणे गाणारी गायिका. आज कोणत्याही शहरात एखादी मुलगी तिकिटाच्या कार्यक्रमात गाते, तेव्हा ती हिराबाईंनी घातलेल्या सतरंजीवरच बसलेली असते. धाकट्या सरस्वतीबाईंनी 1943 च्या ‘रामराज्य’ चित्रपटात सीतेच्या भूमिकेतल्या शोभना समर्थांसाठी गायलं. सकीना म्हणून जन्मलेल्या मुलीचा आवाज पडद्यावरच्या सीतेच्या ओठी आला आणि देशानं तो डोक्यावर घेतला. वडील अब्दुल करीम खाँ 1937 मध्ये गेले. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यापाशी त्यांना दफन केलं आहे आणि तिथं त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणं होतं.

1943 हेच साल आणखी एका आवाजाचं आहे. विजापूर भागातल्या बिळगीच्या दोन बहिणी, गोहरबाई आणि अमीरबाई कर्नाटकी. ‘किस्मत’ या बॉम्बे टॉकीजच्या चित्रपटात अनिल विश्वासांच्या संगीतात अमीरबाई गायल्या आणि हा चित्रपट कोलकात्याच्या एका थिएटरात तीन वर्षांहून अधिक काळ चालला. परक्याला देशाबाहेर जायला सांगणारं त्यातलं गाणं ‘चले जाव’च्या दिवसांत लोकांच्या तोंडी होतं. त्या गाण्यातला बाईचा आवाज अमीरबाईंचा. पुढच्याच वर्षी ‘रतन’मध्ये नौशादांनी जोहराबाई अंबालेवाली यांना गायला लावलं आणि ती गाणीही घराघरांत पोचली.

थोरल्या गोहरबाईंची कहाणी मराठी रंगभूमीशी जोडलेली आहे. त्या बालगंधर्वांची गायकी आत्मसात करून त्यांच्या नाटक मंडळीत आल्या आणि पुढं त्यांच्या जीवनसाथी झाल्या. बालगंधर्वांच्या उतरत्या काळाचा दोष पुष्कळ रसिकांनी गोहरबाईंच्या माथी मारला. बोलपटानं नाटक कंपन्या मोडल्या, कर्ज वाढत गेलं, वय झालं, ही कारणं डोळ्यांसमोर होती. तरी बोट दाखवायला एक परकी बाई सोयीची होती. ती मुसलमान होती, कलावंत घरातली होती. नाट्यसंगीताच्या गप्पांत आजही गोहरबाईंचं नाव गायिका म्हणून कमी आणि प्रकरण म्हणून जास्त घेतलं जातं.

दुसरीकडं आपल्या समाजाची अटही छोटी नव्हती. शमशाद बेगम लाहोरच्या बाजूच्या. संगीतकार गुलाम हैदर यांना त्यांचा आवाज आवडला, पण वडिलांनी परवानगी दिली ती बुरख्यात गायचं आणि फोटो काढू द्यायचा नाही या अटीवर. मुलीनं अट मान्य केली. 1944 मध्ये त्या मुंबईत आल्या आणि पुढची कित्येक वर्षं त्यांचा ठणठणीत, घंटेसारखा आवाज गल्लोगल्ली वाजत राहिला, पण चेहरा कुणाला माहीत नव्हता. 1998 मध्ये तर त्या वारल्याची चुकीची बातमीही छापून आली. त्याच नावाच्या दुसऱ्या बाई वारल्या होत्या. या शमशाद बेगम मुंबईतच राहत होत्या. 2009 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं आणि 23 एप्रिल 2013 रोजी त्या गेल्या.

मग सरकारी दारही अरुंद झालं. 1946 मध्ये, वल्लभभाई पटेल यांच्याकडं नभोवाणी खातं असताना, ज्यांचं खासगी आयुष्य लोकचर्चेचा विषय आहे अशा बायकांना आकाशवाणीवर गाऊ देऊ नये, असं धोरण ठरलं. कागदावर धर्माचा किंवा जातीचा उल्लेख नव्हता. पण फटका बसला तो तवायफ आणि कलावंतिणींना, म्हणजे ज्यांनी हे संगीत पिढ्यान् पिढ्या सांभाळलं त्यांनाच. पुढं बाळकृष्ण केसकर हे मराठी मंत्री 1952 ते 1962 या काळात खात्यावर होते. त्यांना सिनेमाचं गाणंच हलकं वाटे. आकाशवाणीवर ते आटलं, तर लोकांनी रेडिओची सुई सिलोनकडं वळवली. 1952 च्या डिसेंबरात अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. आकाशवाणीला ‘विविध भारती’ सुरू करायला 1957 उजाडलं. लोकांच्या कानावर मंत्र्याचा हुकूम चालत नाही, हा धडा त्या पाच वर्षांनी दिला.

याच काळात फाळणीनं सूरही वाटून घेतले. नूरजहाँ 1947 मध्ये पाकिस्तानात गेल्या. खुर्शीद गेल्या. किराण्याच्या रोशन आरा बेगम गेल्या. जाण्यापूर्वी नूरजहाँनी मास्टर विनायक यांच्या प्रफुल्ल पिक्चर्सच्या ‘बडी माँ’ (1945) या चित्रपटात काम केलं होतं. त्याच चित्रपटात एका छोट्या भूमिकेत एक पोरसवदा मुलगी होती. वडील मास्टर दीनानाथ 1942 मध्ये गेल्यावर घर चालवायला उभी राहिलेली लता. तिच्या सुरुवातीच्या गाण्यांवर नूरजहाँची छाया आहे, हे जाणकार सांगतात आणि लताबाईंनीही नूरजहाँविषयीचा आदर कधी लपवला नाही. ‘मजबूर’मध्ये (1948) तिच्यावर विश्वास टाकला तो शमशाद बेगमना पुढं आणणाऱ्या त्याच गुलाम हैदरांनी. तिच्या उच्चारांना मराठी वळण आहे असं दिलीपकुमार बोलून गेले, तेव्हा तिनं एका मौलानांकडं उर्दूचे धडे घेतले. मराठी मुलगी, उर्दू शिकवणारे मौलाना, लाहोरचा संगीतकार आणि कसूरची नूरजहाँ, एवढ्या जणांची पुण्याई त्या आवाजात आहे.

या आवाजालाही नावासाठी भांडावं लागलं. 1949 मध्ये ‘महल’ आला. गाणं देशभर गाजलं, पण तबकडीवर गायिकेचं नाव होतं ‘कामिनी’. ते तर चित्रपटातल्या पात्राचं नाव! श्रोत्यांनी रेडिओकडं विचारणा केली आणि मग लता मंगेशकर हे नाव लोकांना कळलं. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी गौहर जान स्वतःचं नाव स्वतः सांगत होती आणि आता गाणारीचं नाव लेबलावरून गायब झालं होतं. लताबाईंनी ही गोष्ट मनात ठेवली. पार्श्वगायकांसाठी फिल्मफेअरचा वेगळा पुरस्कार नाही, तर त्या सोहळ्यात गाणार नाही, असं त्यांनी सांगितलं. तो पुरस्कार 1959 मध्ये सुरू झाला आणि पहिला त्यांनाच मिळाला. पुढं गाण्याच्या रॉयल्टीसाठीही त्या भांडल्या. त्यांचा प्रभाव मोजताना आपण सूर मोजतो. हे भांडणही मोजायला हवं.

आता जरा 1981 कडं या. ‘उमराव जान’. खय्याम यांचं संगीत, शहरयार यांच्या गझला आणि आवाज सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांचा. गाणी अप्रतिम आहेत आणि राष्ट्रीय पुरस्कारही त्यांना रीतसर मिळाला. पण क्रम पाहा. खऱ्या तवायफांना नभोवाणीच्या दारातून परत पाठवलं गेलं, आणि पस्तीस वर्षांनी तवायफेचं गाणं राष्ट्रीय ठेवा झालं. दोष आशाबाईंचा नाही. त्यांच्या स्वतःच्या घराण्याची मुळं मंगेशीच्या देवळात गाणाऱ्या बाईपर्यंत जातात, हे जगजाहीर आहे. ऐकणाऱ्यांना गाणं हवं होतं, गाणारीचं मूळ घर नको होतं. ‘हमारी याद आएगी’च्या (1961) मुबारक बेगम 2016 मध्ये जोगेश्वरीच्या लहानशा घरात हलाखीत गेल्या, तेही याच देशात.

हे सगळीकडं असंच घडतं असं मात्र नाही. इजिप्तच्या उम्म कुलसूम खेड्यातल्या इमामाच्या मुलगी. कुरआन पठणाचे धडे लहानपणी गिरवले. लोक काय म्हणतील म्हणून वडील त्यांना मुलाच्या वेशात गायला नेत. पण मोठ्या झाल्यावर त्या स्वतःच्या नावानं, स्वतःच्या चेहऱ्यानं गायल्या. महिन्यातून एका गुरुवारी त्यांचा कार्यक्रम रेडिओवर लागे आणि अरब जगत ठप्प होई. 1975 मध्ये त्या गेल्या तेव्हा कैरोचे रस्ते माणसांनी भरून वाहिले. पठणातून कमावलेले स्वच्छ उच्चार हे त्यांच्या गाण्याचं बळ होतं, असं अभ्यासक सांगतात.

आपल्याकडं कव्वालीनं थोडी जागा दिली. 1945 च्या ‘जीनत’ चित्रपटात नूरजहाँ, जोहराबाई आणि कल्याणी यांनी गायलेली कव्वाली ही पडद्यावरच्या बायकांच्या कव्वालीची सुरुवात मानली जाते. पुढं शकीला बानो भोपाली यांनी कव्वालीचा मंच स्वतःच्या नावावर गाजवला. उरुसाच्या, जलशाच्या रात्री ऐकणाऱ्या छोट्या गावांतल्या माणसांना बाई कव्वाल ही गोष्ट तेव्हापासून नवी राहिली नाही.

संगीत जायज की नाजायज, ही चर्चा आपल्यात जुनी आहे. या लेखात तिचा निकाल लागणार नाही. पण ज्या घरात गाण्याला विरोध आहे त्या घरातही अमीरबाईंचं गाणं वाजलेलं आहे, हे खरं आहे. गाणं ऐकायचं आणि गाणारीचं नाव घ्यायला लाजायचं, हा व्यवहार सरळ नाही. मराठी संगीताच्या इतिहासात या बायका कमी दिसतात कारण त्यांची नावं मुस्लिम आहेत, त्यांची घरं कलावंतिणींची आहेत. आणि मुस्लिम समाजाच्या अभिमानाच्या यादीत त्या दिसत नाहीत कारण त्या गात होत्या. दोन्ही बाजूंनी विसरल्या गेलेल्या माणसाला उभं राहायला जागा उरत नाही.

ही जागा परत करायला फार मोठं काही लागत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात जुनं गाणं बसवलं तर निवेदनात गायिकेचं नाव घ्यावं. हिराबाईंविषयी बोलताना चंपाकली आणि सरस्वतीबाईंविषयी बोलताना सकीना ही नावंही सांगावीत, आरोप म्हणून नाही, माहिती म्हणून. घरातल्या म्हाताऱ्या बाईला जात्यावरचं काही आठवत असेल तर मोबाईलवर मुद्रित करून ठेवावं आणि फाईलला तिचंच नाव द्यावं. गौहर जाननं 1902 मध्ये जे काम एका वाक्यात केलं, ते आपल्या घरातल्या बाईसाठी आपण करू शकतो.