मोटरहोम परदेशात, चालक नगरचा

मोटरहोम म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची आणि पाण्याची कायम सोय असलेले, स्वतःच्या इंजिनावर चालणारे वाहन. जाहिरातीत त्यातले घर दिसते. रस्त्याला आणि कायद्याला दिसते ते वाहन, तेही बहुधा मालवाहू व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेले. न्यूझीलंडला किंवा जर्मनीला जाऊन पहिल्यांदाच ते भाड्याने घेणारे नगरचे कुटुंब त्याला मोठी इनोव्हा समजते आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो. मोटरहोमला लहान ट्रक समजावे. ट्रकची विद्या अहिल्यानगर जिल्ह्यात ढाब्याढाब्यावर मिळते.

घर घेऊन फिरणेही इथे नवे नाही. पाथर्डी-जामखेडची ऊसतोड कुटुंबे दसऱ्यानंतर संसार गाडीत घालून कारखान्यांकडे निघतात. मढीला कानिफनाथांच्या यात्रेत भटक्या जमातींचा मेळा भरतो. पण त्यांचे फिरणे पोटासाठी आणि हे हौसेसाठी, म्हणून ही तुलना पुढे ताणू नये.

वाहनाची परीक्षा कशी करायची हे समजायला फार लांब जायला नको. नगर शहराजवळ वाहननगरला संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही संस्था आहे आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६व्या नियमात वाहनचाचणीसाठी तिचे नाव आहे. वजन, मापे, ब्रेक हे अशा चाचणीचे नेहमीचे विषय. आपणही त्याच वाटेने जाऊ आणि मग चालकाकडे वळू.

वजनापाशीच परवान्याचा प्रश्न येतो. नगरच्या (एमएच १६) किंवा श्रीरामपूरच्या (एमएच १७) आरटीओकडे नमुना ४-अ भरून, एक हजार रुपये शुल्क देऊन आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मिळतो. त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. ही पुस्तिका १९४९च्या जिनिव्हा करारानुसार दिली जाते आणि २०२२पासून देशभर तिचा नमुना एकच आहे. मूळ परवाना सोबत नसेल तर तिला अर्थ नाही. आता खरी मेख. आपल्या कायद्यात हलक्या मोटार वाहनाची मर्यादा ७,५०० किलोपर्यंत जाते. पुस्तिकेतल्या 'बी' वर्गात मात्र मालवाहू वाहनासाठी ३,५०० किलो छापलेले असते आणि युरोपात भाड्याची बहुतेक मोटरहोम याच आकड्यात बसवलेली असतात. न्यूझीलंडमध्ये मोटारीच्या साध्या परवान्यावर ६,००० किलोपर्यंत चालते, ऑस्ट्रेलियात ४,५०० पर्यंत. ऑस्ट्रियात ३,५०० ओलांडले की टोलची पद्धतच बदलते, गाडीत टोलचे यंत्र बसवावे लागते.

एक हिशेब मांडू. समजा, गाडीच्या पाटीवर कमाल वजन ३,५०० किलो लिहिले आहे आणि चालक व इंधन धरून तयार गाडी ३,००० भरते. उरले ५००. घरातली आणखी तीन माणसे सरासरी ७० किलोची, म्हणजे २१०. विमानातून आणलेल्या २३ किलोच्या चार बॅगा, ९२. पाण्याची टाकी वरच्या आकड्यात धरलेली नसेल तर १०० लिटरचे १०० किलो. खुर्च्या, टेबल, गॅसची टाकी मिळून ५०. आठवड्याचा किराणा ४०. बेरीज ४९२. हातात राहिले आठ किलो, आणि मुलांनी सायकली मागितल्या की तेही गेले. युरोपात पोलीस गाडी काट्यावर घेऊ शकतात आणि 'थोडं इकडंतिकडं चालतंय' हे तिथे चालत नाही. यावर उपाय सोपा आहे. लांबच्या टप्प्याला वीस-तीस लिटर पाणी ठेवावे आणि मुक्कामी पोचल्यावर टाकी भरावी.

मापांचा धडा हंगामात नगर-मनमाड रस्त्यावर फुकट मिळतो. राहुरी-कोल्हारच्या बाजूला उसाच्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वळताना पाहा. मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, ती आतून वळण कापतात, म्हणून चालक ट्रॅक्टर आधी बाहेर काढतो. मोटरहोमचेही तसेच, शिवाय तिला आणखी एक खोड असते. सात मीटरच्या गाडीत मागच्या चाकांमागे दोनेक मीटर डबा लोंबतो. स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरवले की ही शेपूट उजवीकडे झपकन बाहेर येते. पेट्रोलपंपावर यंत्राला चिकटून उभी केलेली गाडी काढताना याच कोपऱ्याची वाट लागते. आधी अर्धी गाडी सरळ पुढे न्यावी, मग वळवावी. उंची साधारण तीन मीटर असते आणि सुपरमार्केटच्या पार्किंगचा आडवा दांडा दोन मीटरच्या आसपास. गाडीची उंची मीटरमध्ये आणि फुटांत लिहून चालकासमोर चिकटवायची, कारण युरोपात पाट्या मीटरच्या असतात आणि ब्रिटनमध्ये फुटांच्याही.

ब्रेकचे गणित वेगाच्या वर्गाने चालते. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर धरले तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर दीडपटीहून जास्त होते. वाऱ्याचेही तसेच. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की डब्याच्या भिंतीवरचा रेटा चौपट होतो. आइसलंडमध्ये तर उभ्या गाडीचे दार वाऱ्याने उलटे मोडते, म्हणून ते दोन्ही हातांनी धरूनच उघडायचे. उतारासाठी करंजी घाटातल्या ट्रकचालकाचा नियम पुरतो: ज्या गिअरवर चढशील त्याच गिअरवर उतर. ऑटोमॅटिक गाडीची सवय झालेले लोक आल्प्समध्ये सबंध उतारभर ब्रेकवर पाय ठेवतात, ब्रेक तापतो आणि ऐन वळणावर धरत नाही. खालचा गिअर हाताने निवडायची सोय ऑटोमॅटिकमध्येही असते. ती कुठे आहे हे गाडी ताब्यात घेतानाच विचारावे.

सगळ्यांत अवघड भाग चालकाचा. अनोळखी नियम माणूस लक्ष देऊन पाळतो; दगा देते ती अंगवळणी पडलेली सवय. उजवीकडून चालणाऱ्या देशात वाहत्या रहदारीत सहसा चूक होत नाही, समोरची गाडी वाट दाखवते. चूक होते ती पंपावरून बाहेर पडताना, सकाळी मोकळ्या रस्त्यावर पहिल्यांदा गाडी काढताना आणि डावीकडे वळताना. शेजारी बसणाऱ्याला एकच काम द्यावे: प्रत्येक थांब्यानंतर मोठ्याने म्हणायचे, 'तू मधल्या रेघेशी, मी कडेला.' नवराबायकोत यावरून जो वाद व्हायचा तो मुंबई विमानतळावरच उरकावा.

डिपरचा अर्थही बदलतो. आपल्याकडे डिपर दिला म्हणजे 'मी येतोय, थांब'. ब्रिटनमध्ये तोच प्रकाश बहुधा 'तू जा' असे सांगतो, आणि दोघांनी आपापला अर्थ धरला की काय होईल ते उघड आहे. नगरच्या चौकात ज्याने तोंड आधी घातले त्याचा मान. तिथल्या वर्तुळात आधीपासून फिरणाऱ्याचा मान, आणि आपण रेघेवर उभे राहायचे. न्यूझीलंडच्या ग्रामीण रस्त्यांवर एकेरी पूल बरेच आहेत. पाटीवर आपला बाण लाल आणि लहान असेल तर समोरच्याला आधी येऊ द्यायचे. एखाद्याने तिथे हॉर्न वाजवला तर ती शिवी समजतात.

आगमनाच्या दिवशी गाडी घेऊ नये, हे माझे ठाम मत. न्यूझीलंडचे घड्याळ आपल्यापुढे किमान साडेसहा तास असते आणि विमानात झोप कुणाला लागते? सराव हवा असेल तर आधी इथेच करावा. राज्य शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे. कॅराव्हॅन मिळाली नाही तर ओळखीच्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या चालकाशेजारी बसून अकोले-राजूरमार्गे शेंडीपर्यंत जावे, त्याचे आरसे पाहणे बघावे. भंडारदरा त्या निमित्ताने होतोच.

घराच्या बाजूचे थोडक्यात. मिळेल तिथे मुक्काम ही कल्पना सोडावी. आइसलंडमध्ये जागामालकाच्या परवानगीशिवाय कॅम्पिंगच्या जागेबाहेर गाडीत झोपता येत नाही. न्यूझीलंडमध्ये मोकळ्या मुक्कामासाठी गाडी स्वयंपूर्ण असल्याचा दाखला लागतो आणि २०२३च्या कायद्याने तिच्यात कायम बसवलेला संडास सक्तीचा केला. त्याची पेटी ठरलेल्या जागीच रिकामी करायची. ती धुण्याचा नळ वेगळा, पिण्याच्या पाण्याचा वेगळा. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या आजी सोबत असतील तर हे खाते त्यांच्याकडे सोपवावे. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती तळाशी साठते. म्हणून जमिनीलगतची भोके थंडी वाजते म्हणून बुजवायची नाहीत. कडाक्याच्या थंडीत ब्युटेन पेटत नाही, प्रोपेनच हवा. मिरचीची फोडणी बाहेर, गाडीच्या कापडी छताखाली.

घरून नेलेले लाडू, लोणचे, मध, मसाला न्यूझीलंडच्या विमानतळावर अर्जात लिहून जाहीर करावे. फार तर एखादा जिन्नस काढून घेतील. लपवलेले सापडले तर ४०० डॉलर दंड. गाडी ताब्यात घेताना टायर, काच, आतली कपाटे सगळे मोबाइलवर चित्रित करतात, छप्पर मात्र राहून जाते. भाड्याच्या विम्यातून पुष्कळदा नेमके छप्पर आणि गाडीचा तळ वगळलेला असतो, तेव्हा शिडी मागून घ्यावी आणि वर चढून फोटो काढावा.