ठासणीची बंदूक आणि भाताचे खाचर

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

नाशिक आणि बंदूक हे दोन शब्द शेजारी आले की आपल्याला विजयानंद थिएटर आठवते. २१ डिसेंबर १९०९ ची रात्र, अनंत कान्हेरे, कलेक्टर जॅक्सन आणि विलायतेहून आलेले ब्राउनिंग पिस्तूल. ती गोष्ट शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. आज मी जिच्याविषयी बोलणार आहे ती मात्र इतिहासाच्या पुस्तकात फारशी न येणारी, कुडाच्या भिंतीला खुंटीवर टांगलेली, धुराने काळी पडलेली बंदूक आहे. ठासणीची बंदूक. पेठ, सुरगाणा, इगतपुरी, त्र्यंबक या पट्ट्यातल्या शेतकऱ्याने रानडुकरापासून भात राखण्यासाठी बंदूक घ्यायची ठरवली, तर त्याच्या ऐपतीत बसणारी हीच एक होती. आणि गंमत अशी की त्याने कोणती बंदूक निवडावी हे पुढे कायद्यानेच लिहून ठेवले.

ठासणीची म्हणजे काय, हे आजच्या तरुण श्रोत्यांना सांगायला हवे. हिला काडतूस लागत नाही. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, तिच्यावर चिंधीचा किंवा काथ्याचा बोळा, गजाने तो दाबून ठासायचा, मग छर्रे किंवा शिशाची गोळी, पुन्हा बोळा, पुन्हा ठासणे. एक बार उडाला की हे सगळे पहिल्यापासून. तोवर जनावर काही तिथे थांबत नाही.

बार पेटवायचा कसा, यावरून हिच्या पिढ्या पडतात. सर्वांत जुनी तोड्याची. तोडा म्हणजे धुमसती वात. चाप ओढला की ती वात कानाजवळच्या रंजकीवर टेकते आणि आत आग जाते. नंतर गारगोटीची, म्हणजे चकमकीची आली. तिची रंजक पेटताना जो भपका उठतो, त्याने पक्षी गोळी पोचण्याआधीच उडून जातात, म्हणून वैतागलेल्या अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश पाद्रीबाबाने ठोक्याने पेटणारा मसाला बंदुकीला लावला आणि १८०७ साली त्याचे पेटंट घेतले. त्यातूनच पुढे तांब्याची इवलीशी टोपी आली, जिला आपल्याकडे केप म्हणतात. युद्धशास्त्रातला एवढा मोठा बदल एका शिकारी धर्मोपदेशकाच्या चडफडण्यातून झाला. पावसाळी मुलखाला तर तो वरदानच ठरला, कारण घाटमाथ्यावरच्या पावसात उघडी वात आणि उघडी रंजक किती वेळ तग धरणार?

तरीही आपल्याकडे तोड्याची बंदूक विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत टिकली. कारण साधे आहे. ती गावचा लोहार दुरुस्त करू शकत होता. तिच्यात नाजूक कमान नाही, बाहेरून आणावी अशी टोपी नाही. नळी लांब, त्यामुळे मारा दूरचा. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी मालेगावच्या भुईकोटाला वेढा घातला, तेव्हा आत अरब शिबंदी होती. अरबांचे तोड्याच्या बंदुकीवरचे प्रभुत्व सगळ्या दख्खनमध्ये गाजलेले. नारोशंकरांनी बांधलेला तो किल्ला घ्यायला कर्नल मॅकडॉवेलला जवळजवळ महिना लागला आणि दोनशेहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली. जुनाट हत्यार म्हणून तिला हसणाऱ्यांनी मोसम नदीकाठचा हा हिशेब पाहावा.

आता १८५७. त्या वर्षीच्या काडतुसांची कथा आपण सगळे ऐकत आलो. पण ज्या एन्फील्ड रायफलीसाठी ती काडतुसे होती, ती रायफल ठासणीचीच होती, हे किती जणांच्या लक्षात असते? काडतूस म्हणजे कागदाची पुडी. दातांनी तोडायची, दारू नळीत ओतायची आणि गोळी गजाने ठासायची. मागून भरायची बंदूक असती, तर दातांचा प्रश्नच आला नसता. साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीला आतून पीळदार खाचा असतात आणि गोळी त्यांत घट्ट बसावी लागते. म्हणून तेल, म्हणून चरबी, म्हणून पुढचा सगळा वणवा.

त्या वणव्याची ठिणगी आपल्या जिल्ह्यातही पडली. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी सिन्नर तालुक्यातल्या नांदूर शिंगोट्याजवळ भागोजी नाईकांच्या भिल्लांशी झालेल्या चकमकीत लेफ्टनंट हेन्री हा पोलीस अधिकारी ठार झाला. भागोजी स्वतः पूर्वी पोलिसांतच होते. डिसेंबरात हरसूलचा बाजार लुटला गेला, पेठच्या राजघराण्यातले भगवंतराव फासावर गेले. भिल्लांची हत्यारे म्हणजे तीरकमठा, तलवार आणि तोड्याची बंदूक. एवढ्या बळावर भागोजींनी दोन वर्षे डोंगर पेटता ठेवला. नोव्हेंबर १८५९ मध्ये मिठसागरे इथे साउटरच्या तुकडीशी लढताना ते पडले. त्यांच्या मागावर धाडायला इंग्रजांनी कोळ्यांची जी पलटण कॅप्टन नटॉलच्या हाताखाली उभी केली, तिचा पोशाख सरकारी गॅझेटिअरमध्ये नोंदलेला आहे: गडद हिरवे पागोटे, हिरवा अंगरखा, गुडघ्यापर्यंत रक्तवर्णी धोतर, पायांत वहाणा आणि हातात हलकी संगिनीची बंदूक. अर्थात ठासणीची. डोंगरातली माणसे डोंगरातल्या माणसांवर सोडली, आणि दोन्हीकडे बार भरण्याची रीत एकच.

हे संपल्यावर सरकारने हत्यारे गोळा करायला सुरुवात केली. १८७८ साली लॉर्ड लिटनचा हत्यारांचा कायदा आला. परवान्याशिवाय बंदूक बाळगणे हा गुन्हा ठरला. गोऱ्या साहेबाला मात्र सूट. त्याच लिटनने त्याच वर्षी देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवर बंधने घालणारा कायदाही केला. कवी म्हणून मला ही जोडी फार सूचक वाटते. बंदूक आणि मराठी छापखाना, दोन्हींची भीती एकाच वर्षी वाटावी! वर्तमानपत्रांचा कायदा रिपनने तीन-चार वर्षांत मोडीत काढला. बंदुकीचा राहिला, स्वातंत्र्यानंतरही राहिला.

काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून या कायद्याविरुद्ध ठराव केले. १९३१ च्या कराची ठरावातल्या मूलभूत हक्कांच्या यादीत, नियमांच्या चौकटीत राहून हत्यार बाळगण्याचा हक्कही होता. राज्यघटनेत तो आला नाही. तिथे आला तो शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क. फाळणीचे रक्त पाहिलेल्या माणसांनी असे का केले असेल, हे समजून घेणे अवघड नाही, आणि मला ते योग्यही वाटते.

मग १९५९ चा नवा कायदा झाला. त्यातले तेरावे कलम मी जेव्हा पहिल्यांदा वाचले, तेव्हा थबकलो. खरोखर पीक राखण्यासाठी कोणी नागरिक ठासणीची बंदूक मागत असेल, तर अधिकाऱ्याने परवाना द्यावा असे तिथे म्हटले आहे. आणि ठासणीची पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येईल. रायफलीचे नाव नाही. म्हणजे शेतकऱ्याने दुकानात जाऊन निवड करायची ती कायद्याने आधीच अर्धी करून ठेवलेली. यात संशय आहे तशी थोडी कणवही आहे. एका बाराला वेळ लागणाऱ्या बंदुकीने दंगा होत नाही, आणि तिला पैसे कमी पडतात.

परवान्यावर तिचे नाव इंग्रजी आद्याक्षरांत येते, एसबीएमएल. शेतकरी ती अक्षरे मंत्रासारखी म्हणतात. दोन नळ्यांची काडतुशी असेल तर डीबीबीएल. गावात या दोन शब्दांवरून माणसाची ऐपत कळायची.

आमचे मोठे अब्बा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, इगतपुरी तालुक्यात भातशेती करायचे. परवाना मिळाल्यावर बंदूक पारखायला गेले तेव्हा मी बरोबर होतो. शाळकरी वय. दुकानदाराने पुढे केलेली पहिली चकचकीत बंदूक त्यांनी बाजूला सारली. दुसरी, वापरलेली, घेतली. गज नळीत सोडला. खणकन आवाज आला. आवाज बद्द आला तर आत मळ साचलाय किंवा कुणाचा जुना बार तसाच अडकलाय, असे त्यांनी मला सांगितले. मग गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावून पाहिला, आत पूर्ण जातो की नाही म्हणून. नळीच्या तळाशी गंजाचे खड्डे नाहीत ना, दस्त्याला मनगटाशी चीर नाही ना, हे बोटांनी चाचपले. सर्वांत जास्त वेळ घोड्यावर घालवला. घोडा अर्ध्यावर ओढून चाप दाबून पाहिला, एकदा नव्हे, आठ-दहा वेळा. अर्ध्यावरचा घोडा सुटता कामा नये. कुंपण ओलांडताना माणसे मरतात ती याच्यामुळेच, बेटा, एवढेच बोलले. दुनळीकडे त्यांनी पाहिलेही नाही. तेवढ्या पैशांत बैल येतो, हा त्यांचा हिशेब.

त्या बंदुकीने त्यांनी एकही डुक्कर मारले नाही. मारले असते तरी आमच्या घरात त्याचा काय उपयोग! शेजारचे ठाकर यावरून त्यांची मजेत थट्टा करायचे. त्यांना हवा होता आवाज. माळ्यावर बसून रात्री एक बार हवेत काढला की कळप पहाटेपर्यंत फिरकत नसे. बार काढल्यावर तेच ठाकर आपल्या माळ्यावरून हाळी देत, म्हणजे दोन शेतांचे काम एका दारूत व्हायचे.

या बंदुकीने आपल्या भाषेत मात्र पुष्कळ माल भरून ठेवला. आपण एखादी गोष्ट ठासून सांगतो. कुणाचा बार फुसका निघतो. कुणाला चाप बसतो. तंबाखूचा बार भरतो. बंदूक हा शब्द अरबी बुंदुकवरून आला. बुंदुक म्हणजे कवचाचे एक लहान गोल फळ, त्यावरून गोळी, आणि गोळीवरून हत्यार. दारूचा फारसी अर्थ औषध. मराठीत ती पिण्याचीही झाली आणि उडवण्याचीही. काडतूस आणि पिस्तूल पोर्तुगिजांकडून आले. एका बाराच्या आवाजात एवढे मुलूख बोलतात. शुद्ध मराठीचा आग्रह धरणाऱ्यांनी ही बंदूक भरून दाखवावी, असे मी कधीकधी गमतीने म्हणतो.

दारू-छर्ऱ्यांचे म्हणाल तर त्यांवरही परवान्याचा लगाम. किती बाळगायचे याची नोंद असते. ज्यांना हा खटाटोप जमत नाही, ते गावठी बंदुकीकडे वळतात. मापात न बसणारी नळी आणि घरी कुटलेली दारू हातातच फुटते, बोटे जातात, डोळे जातात. स्वस्तात स्वस्त म्हणून अशी बंदूक कुणी घेऊ नये. ती गुन्हा आहे म्हणून तर नकोच, पण आधी आपल्या हातांसाठी नको.

आणि परवान्याची बंदूक असली तरी शिकार करता येते असे नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचा तो जमाना संपवला. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराला मारायचे तर वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. म्हणजे बंदुकीचा कागद एका कचेरीत आणि डुकराचा दुसऱ्या. कर्नाटकातल्या कोडवांना इंग्रजांच्या काळापासून परवान्याची सूट आहे, २०१९ साली केंद्राने ती आणखी दहा वर्षे वाढवली. आपल्या डोंगरातल्या ठाकर, कोकणा, महादेव कोळ्यांना तशी कधी मिळाली नाही.

शिवाय निवडणूक. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. आपल्या विधानसभेचे मतदान २००४, २००९, २०१४ आणि २०१९ साली ऑक्टोबरात झाले, २०२४ ला नोव्हेंबरात. इगतपुरी-पेठेत भात पिकतो, लोंब्या वाकतात आणि डुकरांचे कळप उतरतात ते नेमके याच दिवसांत. बंदूक ठाण्याच्या कपाटात, पावती शेतकऱ्याच्या खिशात, आणि माळ्यावर रात्रभर पत्र्याचा डबा वाजवत बसलेली माणसे.